जॉबरच्या हाती टाइपरायटर

कार्यालयीन यंत्रांच्या इतिहासात विजेवर चालणाऱ्या टाइपरायटरची जागा जरा अडचणीची आहे. कारण त्याच्या एका बाजूला केवळ बोटांच्या जोरावर चालणारे हाताचे टंकलेखन यंत्र आहे, दुसऱ्या बाजूला सर्किट बोर्ड आणि चिप यांवर चालणारा इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर व संगणक आहे, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या यंत्राला जुन्याचा जिव्हाळाही मिळाला नाही आणि नव्याचा मानही मिळाला नाही. त्याची रचना मात्र नीट पाहिली तर ध्यानात येते की यात वीज फक्त एकच काम करते, ते म्हणजे एक मोटर सतत फिरती ठेवणे. बाकीचा सगळा व्यवहार तरफा, कॅम, क्लच, स्प्रिंगा आणि दांडे यांच्याकडे असतो. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावर बसवलेला, मुद्दाम अनियमित आकार दिलेला तुकडा, जो फिरताना शेजारच्या तरफेला ठरावीक वेळी उचलतो आणि ठरावीक वेळी सोडतो. अशा यंत्रात बिघाड झाला तर तो डोळ्यांनी दिसतो, बोटांनी चाचपता येतो आणि बहुतेक वेळा हातांनी दुरुस्तही करता येतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा विजेचा टाइपरायटर आज पुन्हा चालू होऊ शकतो, आणि त्याच्यानंतर आलेला इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर मात्र एका चिपपायी कायमचा मुका होतो, हा फरक या रचनेतून आलेला आहे.

टंकलेखनाला विजेची जोड देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले होते. अमेरिकेत जेम्स स्मॅदर्स याने १९१४ च्या सुमारास ज्या तत्त्वाचा पाठपुरावा केला ते पुढे टिकले, आणि त्यातून विकसित झालेली इलेक्ट्रोमॅटिक ही कंपनी १९३३ मध्ये आयबीएमने विकत घेऊन १९३५ पासून स्वतःच्या नावाची विजेची यंत्रे बाजारात आणली. या यंत्रांच्या पोटात रबराचे आवरण असलेला एक लांब रूळ मोटरच्या साहाय्याने अखंड फिरत असतो, टंकलेखकाने कळ अलगद दाबली की त्या अक्षराचा छोटा कॅम या फिरत्या रुळावर टेकतो, रूळ त्याला ओढून घेतो आणि त्या ओढीने अक्षराची दांडी कागदावर जाऊन आदळते. बोटाचे काम इशारा देण्यापुरते उरते आणि आघाताचे बळ मोटर पुरवते. त्यामुळे प्रत्येक अक्षर सारख्याच जोराने उमटते, करंगळीखालचे ‘a’ फिके आणि मधल्या बोटाखालचे ‘e’ गडद असा भेद राहत नाही, आणि कार्बन कागदांच्या एका गड्डीत जास्त प्रती निघतात. कचेऱ्यांना या यंत्राचे जे आकर्षण वाटले ते मुख्यतः या शेवटच्या दोन गोष्टींमुळे.

भारतात टंकलेखन यंत्राची कथा प्रामुख्याने हाताच्या यंत्राची आहे आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडलेला आहे. गोदरेज अँड बॉइस या कंपनीने मुंबईत संपूर्ण देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र १९५५ मध्ये तयार केले, त्याच वर्षीच्या आवडी येथील काँग्रेस अधिवेशनात ते पंडित नेहरूंसमोर आले, आणि सुमारे अठराशे सुटे भाग अचूक मापात घडवण्याची क्षमता म्हणून त्या काळात त्याचे कौतुक झाले. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर शासकीय कामकाजात मराठी यंत्रांची मागणी वाढली, गावोगावी टायपिंग क्लासेस उभे राहिले, आणि मिनिटाला ३० शब्द व ४० शब्द या वेगांच्या शासकीय परीक्षा हा नोकरीच्या वाटेवरचा एक उंबरठा झाला. देवनागरीची चिन्हे कळफलकाच्या नव्वदेक जागांत कोंबण्यासाठी तेव्हा एक चतुर तोड काढण्यात आली: पुष्कळ अक्षरे अर्धी ठेवून काना वेगळा मारायचा, आणि मात्रा-अनुस्वारांच्या काही कळा अशा करायच्या की त्या दाबल्या तरी कॅरेज, म्हणजे कागद धरून डावीकडे सरकणारा भाग, जागचा हलत नाही. ही मराठी यंत्रे बहुतांशी हाताचीच राहिली. विजेची यंत्रे परदेशी बनावटीची, इंग्रजी कळफलकाची आणि महागडी असल्यामुळे बँका, मोठ्या कंपन्या आणि परदेशाशी पत्रव्यवहार करणाऱ्या पेढ्या यांच्यापलीकडे ती फारशी गेली नाहीत. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला, पुढच्या दशकात इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, त्यांच्या पाठोपाठ संगणक आला, आणि गोदरेजनेही २००९ मध्ये टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबवले. हाताच्या यंत्रांना निदान जुने मेकॅनिक उरले; विजेच्या यंत्रांना ते आधीच मोजके होते.

या यंत्राची दुरुस्ती आता मुंबई-पुण्याबाहेर संभवतच नाही, असा एक समज आहे आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी हे गाव आहे. बाहेरच्या लोकांना ते अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि कामगारांच्या दोन प्रचंड वसाहतींमुळे माहीत असते. त्यांपैकी गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. आणि माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने आखलेल्या तीस हजार घरांच्या रे नगर वसाहतीतील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. या घरांच्या लाभार्थ्यांत विडी कामगार आहेत, तसेच यंत्रमाग कामगार, वाहनचालक आणि भंगार-कचरा वेचणारेही आहेत. टाइपरायटरच्या दृष्टीने ही यादी महत्त्वाची आहे. कारण जुने यंत्र पहिल्यांदा ज्याच्या हाती लागते तो भंगारवाला, आणि ज्याला त्याचा पोटातला कारभार अर्धाअधिक आधीच समजलेला असतो तो यंत्रमागाचा कारागीर, असे दोघेही एकाच वस्तीत राहतात.

सोलापुरात १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून दांडे, कप्प्या, पट्टे आणि कॅम यांच्याशी हातमिळवणी करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या येथे घडल्या. यंत्रमागाच्या कारखान्यात माग जुळवून देणाऱ्या, बिघाड शोधणाऱ्या आणि झिजलेला भाग बदलणाऱ्या कारागिराला जॉबर म्हणतात. मागाखाली घरघरणारी मोटर, तिच्यावरून फिरणारा दांडा, त्यावरचे कॅम, आणि धोटा, फणी, वयी या मागाच्या भागांपैकी कोणी कोणाच्या आधी हलायचे याचा काटेकोर क्रम, हे सगळे जॉबरच्या हातात मुरलेले असते. त्याच्या जोडीला शहरात मोटरी नव्याने गुंडाळून देणारे वाइंडिंगवाले आहेत, लेथवर हवा तो भाग कातून देणारे वर्कशॉप आहेत, आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांमुळे मोठ्या शिलाई यंत्रांचे मेकॅनिक आहेत, ज्यांच्या यंत्रांतही मोटर सतत फिरते आणि पायाचा दाब क्लच जोडतो. विजेच्या टाइपरायटरला लागणारी विद्या या चौघांत वाटली गेलेली आहे; ती एका माणसात नाही एवढेच.

यंत्र वाचवायचे की नाही हा निर्णय मात्र बहुधा भंगाराच्या तराजूपाशी होतो. विजेचा टाइपरायटर हाताच्या यंत्रापेक्षा वजनदार असतो. आयबीएमच्या प्रसिद्ध सिलेक्ट्रिकसारखे यंत्र पंधरा किलोच्या आसपास भरते, त्याचे वरचे कवच ओतीव ॲल्युमिनियमचे असते आणि मोटरीत तांब्याची तार असते. त्यामुळे कार्यालयाने निर्लेखन करून, म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून काढून टाकून, लिलावात विकलेले असे यंत्र अखंड ठेवण्यापेक्षा फोडून धातू वेगळे करणे व्यापाऱ्याला अधिक परवडते, आणि यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याच्याकडून यंत्र घेताना तीन गोष्टी पाहून घ्याव्यात: सांगाडा वाकलेला अथवा तडकलेला आहे का, आत गंजाची लाल भुकटी आहे की केवळ काळपट मळ, आणि सगळे सुटे भाग जागेवर आहेत का. मळ निघतो आणि वरवरचा गंजही काढता येतो. उंचावरून आपटून वाकलेला सांगाडा सरळ करणे मात्र जवळजवळ अशक्य असते, कारण या यंत्रांतली मापे मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात लावलेली असतात. सोलापूरची कोरडी हवा या बाबतीत यंत्राच्या बाजूची आहे. कोकणात राहिलेल्या यंत्राची पोलादी अंगे गंजाने खाल्लेली असतात. सोलापूरच्या यंत्रात गंज कमी आणि उन्हाळ्याने वाळवलेले वंगण जास्त असते.

घरी आणलेले यंत्र लगेच विजेला जोडून पाहण्याचा मोह टाळणे ही पुनरुज्जीवनाची पहिली अट आहे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्रात दांडे आणि क्लच गोठलेले असतात. अशा वेळी मोटरला वीज मिळाली आणि ती फिरू शकली नाही, तर तिच्या गुंडाळीतून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो आणि काही मिनिटांत तारेवरचा वार्निश जळतो. म्हणून आधी पट्टा किंवा कप्पी हाताने फिरवून मोटर मोकळी आहे का ते पाहायचे, वायरचे रबर तडकले असेल तर वायर पूर्ण बदलायची, दोन पिनांची जुनी वायर असेल तर यंत्राच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार देणारी तीन पिनांची वायर लावायची, आणि वाइंडिंगवाल्याकडून मेगर लावून गुंडाळी व सांगाडा यांमधला रोध मोजून घ्यायचा. मेगर म्हणजे उच्च दाबाखाली विद्युत्‌रोधाची परीक्षा करणारे मोजयंत्र. वाचन एक मेगओहमच्या खाली आले तर मोटर आधी उन्हात किंवा मंद उष्णतेत वाळवावी लागते आणि तरीही सुधारले नाही तर पुन्हा गुंडाळावी लागते.

त्यानंतर विद्युत्‌दाबाचा प्रश्न येतो आणि अनेक चांगली यंत्रे येथेच जळाली आहेत. अमेरिकेसाठी बनवलेल्या यंत्राच्या पत्र्यावर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे लिहिलेले असते, तर आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. दाब निम्मा करणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो हे बहुतेकांना ठाऊक असते; हर्ट्झ मात्र ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही, ही गोष्ट सुटून जाते. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांवर अवलंबून असल्यामुळे ६० ची मोटर ५० वर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते, आणि त्याच दाबावर तिच्या लोखंडातले चुंबकत्व वाढून ती जास्त तापते. दाब व आवर्तने यांचे प्रमाण कायम राखायचे तर अशा मोटरला ११५ ऐवजी शंभराच्या किंचित खाली व्होल्ट पुरतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर बांधून घेताना १०० व्होल्टचे टोक मागून घेणे शहाणपणाचे ठरते. तीनशे व्होल्ट-अँपिअरचा साधा गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर या कामाला पुरेसा असतो. प्रवाशांसाठी विकली जाणारी हलकी इलेक्ट्रॉनिक उपकरणे, जी केवळ तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, मोटरला लावू नयेत.

यापुढचे काम यांत्रिक आहे आणि ते समजण्यासाठी सिलेक्ट्रिकची रचना थोडी सविस्तर पाहायला हवी. आयबीएमने ३१ जुलै १९६१ रोजी सादर केलेल्या या यंत्राचे बाह्य रूप एलियट नॉइस या वास्तुरचनाकाराने घडवले होते, आणि त्यात अक्षरांच्या दांड्यांची टोपली व सरकणारी कॅरेज या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या होत्या. १९८६ पर्यंत त्याच्या विविध आवृत्तींची सव्वा कोटीहून अधिक यंत्रे विकली गेली. त्यात कागदाचा रूळ जागीच राहतो आणि गोल्फच्या चेंडूएवढा, निकेलचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा एक गोळा कागदासमोरून पुढे सरकतो. गोळ्यावर ८८ चिन्हे चार आडव्या रांगांत बसवलेली असतात; अर्ध्या भागावर लहान अक्षरे, उरलेल्या अर्ध्यावर मोठी, म्हणून शिफ्टची कळ दाबली की गोळा अर्धी गिरकी घेतो. कोणतेही अक्षर कागदासमोर आणायचे तर गोळ्याला दोन हालचाली पुरतात: योग्य रांग समोर यावी म्हणून चार पातळ्यांपैकी एकीवर झुकणे, आणि रांगेतले योग्य अक्षर समोर यावे म्हणून मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे पाच घरांपर्यंत वळणे.

ही निवड कळीपासून गोळ्यापर्यंत कशी पोहोचते, हे सोलापुरी जकार्ड मागावर चादर विणणाऱ्याला सांगावे लागत नाही. जकार्डमध्ये छिद्रे पाडलेले पुठ्ठ्याचे कार्ड ठरवते की या फेरीत कोणते हूक उचलले जातील आणि कोणते खाली राहतील. उचलण्याचे बळ मागाचे असते, कार्ड फक्त निवड करते. सिलेक्ट्रिकच्या प्रत्येक कळीखालच्या पोलादी पट्टीला खाली ठरावीक जागी दाते असतात आणि ते दाते कार्डाच्या छिद्रांचे काम करतात. कळ दाबली की तिची पट्टी मोटरच्या बळाने पुढे ढकलली जाते आणि दात्यांच्या ठेवणीनुसार सहा निवड-दांड्यांपैकी काहींना ओढते: दोन दांडे झुकण्यासाठी, चार वळण्यासाठी. वळण्याच्या चौघांचे मोल अनुक्रमे एक घर, दोन घरे, पुन्हा दोन घरे आणि उलट्या दिशेने पाच घरे असे असते. तरफांची एक साखळी या ओढींची बेरीज करते आणि ती बेरीज एका पातळ पोलादी टेपमार्फत गोळ्यापर्यंत जाते. उलट्या दिशेची पाच आणि सुलट्या दिशेची तीन ओढली गेली तर गोळा उलट दोन घरांवर थांबतो. हे अंकगणित सेकंदाला पंधराच्या जवळपास वेळा केवळ पोलादाच्या हालचालीतून होते, यात विजेची एकही तार गुंतलेली नाही. आयबीएम ही मुळात छिद्रित कार्डांच्या यंत्रांवर वाढलेली कंपनी होती हे ध्यानात घेतले, तर जकार्डशी असलेले हे साम्य फार नवलाचे वाटत नाही.

सहा दांड्यांच्या हालचाली कळल्या की अक्षर कळते, हे सोव्हिएत हेरखात्याच्याही लक्षात आले होते. मॉस्कोमधील अमेरिकन वकिलातीतल्या आणि लेनिनग्राडमधील अमेरिकन कार्यालयातल्या मिळून सोळा सिलेक्ट्रिक यंत्रांच्या एका धातूच्या पट्टीत दडवलेली उपकरणे १९८४ मध्ये सापडली. दांडे हलताना होणारा चुंबकीय बदल टिपून ती टाइप होणारा मजकूर बाहेर पाठवत होती. ज्या कारागिराला या दांड्यांचे महत्त्व पटवायचे असेल त्याला ही हकीकत सांगावी. वंगणाच्या व्याख्यानापेक्षा ती लवकर पटते.

वंगणाचे व्याख्यान तरीही टाळता येत नाही, कारण बंद पडलेल्या दहा विजेच्या टाइपरायटरांतले बहुतेक खऱ्या अर्थाने बिघडलेले नसतात, ते चिकटलेले असतात. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ यांचे मिश्रण. वर्षे गेली की तेल हळूहळू वेगळे होते, उडते किंवा हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते, आणि मागे पिवळट-तपकिरी मेणचट थर उरतो. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यांत ही क्रिया वेगाने होते आणि त्या थरात कागदाची भुकटी, रिबनचा तंतू आणि हवेतली धूळ रुतून बसते. नखाने खरवडला तर हा थर मेणासारखा गुंडाळून निघतो. दांडा मात्र बोटाने दाबून सोडला तर झटकन परत येण्याऐवजी जडपणे, अर्ध्यावर थबकत येतो. सिलेक्ट्रिकमधल्या हलक्या स्प्रिंगांना तेवढा अडथळाही पेलत नाही. कळ दाबली जाते, पट्टी पुढे जाते, पण परत फिरत नाही, आणि दोन पट्ट्या एकाच वेळी पुढे जाऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली नळीत ओळीने भरलेल्या पोलादी गोळ्या तिच्यामुळे अडून सगळा कळफलक बंद होतो.

हा थर काढण्याची पद्धत साधी आहे, पण तिला चिकाटी लागते. मिनरल टर्पेंटाइनसारखा संथ द्रावक बारीक कुंचल्याने किंवा सुईच्या टोकाने नेमक्या सांध्यावर सोडायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, दांडा वीसेक वेळा हाताने हलवायचा, बाहेर आलेला काळा रस कापडाने टिपायचा आणि रस स्वच्छ येईपर्यंत हे करत राहायचे. अनेक मेकॅनिक सवयीने पेट्रोल वापरतात. ते लवकर काम करते, पण मोटर असलेल्या बंद पेटीत त्याची वाफ धोक्याची ठरते. थिनर आणि ॲसिटोन प्लॅस्टिकचे भाग वितळवतात, तर बाजारात मिळणारे फवारे तात्पुरते मोकळेपण देऊन मागे स्वतःचाच चिकट थर ठेवतात आणि काही महिन्यांत यंत्र पुन्हा अडते. रॉकेलही पूर्णपणे उडत नाही, म्हणून ते वापरलेच तर नंतर दुसऱ्या द्रावकाने धुऊन काढावे लागते. सगळे मोकळे झाल्यावर पातळ सांध्यांना शिलाई यंत्राचे तेल टोकभर द्यायचे आणि जेथे धातूवर धातू जोराने घासतो तेथेच, म्हणजे कॅम व दातेरी चाके यांवर, ग्रीस लावायचे. हाताच्या टाइपरायटरचे मेकॅनिक एक नियम कटाक्षाने पाळतात, की अक्षरांच्या दांड्या ज्या खाचांत झुलतात त्या अर्धवर्तुळाकार तुकड्याला तेल लावायचे नाही, कारण तेलाला धूळ चिकटते आणि दांड्या आळसावतात. दांड्यांच्या विजेच्या यंत्रांनाही तोच नियम लागू आहे.

स्वच्छतेनंतर जे उरते तो खरा बिघाड, आणि सिलेक्ट्रिकच्या बाबतीत त्याचे पहिले स्थान ठरलेले आहे. मोटरचा पट्टा ज्या कप्पीवर चालतो त्या कप्पीचा नायलॉनचा मधला भाग वयोमानाने आकसतो आणि तडकतो; मग मोटर फिरते, पट्टा फिरतो, पण दांडा फिरत नाही. या दांड्यावर स्प्रिंगचा क्लच असतो: कळ दाबली की एक अडसर सुटतो, स्प्रिंग फिरत्या भागावर आवळली जाते, दांड्याला अर्धा फेरा देते आणि पुन्हा अडसरावर थांबते. तडकलेल्या भागामुळे ही सगळी साखळी तुटते. परदेशात यासाठी त्रिमितीय छपाईने बनवलेले भाग मिळतात. सोलापुरात लेथवर नायलॉनच्या दांड्यातून तसाच भाग कातून घेता येतो, किंवा जुन्या भागाभोवती पोलादी कडे गरम करून चढवता येते. अट एवढीच, की जुन्या भागाची मापे व्हर्नियरने घेऊन कातणाऱ्याला चित्र काढून द्यावीत आणि मधले भोक दांड्याशी तंतोतंत समकेंद्री राखावे. नाहीतर यंत्र चालते, पण थरथरते.

रबराचा प्रश्न त्यामानाने सोपा असूनही दुर्लक्षित राहतो. कागदाचा रूळ वर्षानुवर्षांत इतका कडक होतो की गोळ्याचा आघात त्याच्यावर दगडावर बसावा तसा बसतो, कागदाला भोके पडतात आणि गोळाही झिजतो. छापखान्यांच्या रुळांवर नवे रबर चढवून देणारे कारागीर हे काम करू शकतात, मात्र रबर नेहमीच्या शाईच्या रुळापेक्षा बरेच कडक हवे आणि घासून आणलेला व्यास मूळ व्यासाइतकाच हवा, हे त्यांना आधी सांगावे लागते. अन्यथा ओळींमधले अंतर बदलते. कवचाच्या आतून चिकटवलेला फोम बहुधा काळ्या डांबरासारखा झालेला असतो. तो खरवडून टाकावा आणि त्या जागी पातळ नमदा बसवावा.

शेवटची पायरी मापे लावण्याची आहे आणि येथे जॉबरची जात कळते. अननुभवी माणूस चुकीचे अक्षर उमटले की दिसेल तो स्क्रू फिरवतो. जाणकार माणूस एकही स्क्रू न हलवता आधी शिफ्ट न दाबता सगळी ४४ अक्षरे ओळीने टाइप करतो, कोणती चुकली ते कागदावर खुणावतो आणि चुकीला बेरजेच्या भाषेत वाचतो: ज्या अक्षरांना एक घराचा दांडा लागतो तेवढीच एक घर अलीकडे उमटत असतील तर तोच दांडा पूर्ण जागी येत नाही, वरची रांग सोडून सगळे बरोबर असेल तर दोष वळण्यात नसून झुकण्यात आहे, आणि सगळीच अक्षरे अर्धवट कापल्यासारखी उमटत असतील तर गोळा जागी थांबवणारा दाता खाचेत नीट बसत नाही. हा तर्क मागावर एकच उभा धागा वारंवार उचलायचा राहून जातो तेव्हा जॉबर करतो त्याच जातीचा आहे. त्याला फक्त फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पानांचा संच, आणि यंत्राच्या मापांचे पुस्तक हाती द्यावे लागते.

रंगरंगोटीबाबत संयम पाळलेला बरा. गेल्या काही वर्षांत कॅफे आणि विवाहसोहळ्यांच्या सजावटीसाठी जुनी यंत्रे लाल-पिवळ्या रंगांनी फवारण्याची आणि कळा उपटून अंगठ्या बनवण्याची टूम निघाली आहे; तिच्यापेक्षा भंगारवाल्याचा हातोडा निदान प्रामाणिक म्हणावा. मूळ रंग साबणाच्या कोमट पाण्याने पुसून काढला तर बहुतेक वेळा चांगला निघतो, आणि कवचाच्या आत चिकटवलेली कार्यालयाची नोंदपट्टी, क्रमांक किंवा दुरुस्तीची तारीख या खुणा तशाच ठेवाव्यात, कारण यंत्र कोणत्या टेबलावर होते हे सांगणारा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

कुंभारीत किंवा सोलापुरात बनवता येणार नाही अशी एकच वस्तू या यंत्रात आहे, आणि ती म्हणजे अक्षरांचा गोळा. त्याच्या तळाशी असलेल्या बारीक दात्यांपैकी एक जरी तुटला तरी त्या घरातली सगळी अक्षरे कायमची ढळतात, मुलाम्याखालचे प्लॅस्टिक ठिसूळ असल्यामुळे दाता पुन्हा जोडता येत नाही, आणि बदली गोळा बहुधा दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच मिळतो. गोळा काढायला कोणतेही हत्यार लागत नाही. वरची छोटी कळ उचलली की तो हातात येतो. म्हणून फोडायला घेतलेल्या प्रत्येक सिलेक्ट्रिकमधून हातोडा पडण्याआधी गोळा, रिबनची पेटी आणि पातळ पोलादी टेप एवढे तीन भाग बाजूला ठेवावेत, असे सोलापूरच्या भंगार व्यापाऱ्यांना सांगून ठेवता येण्यासारखे आहे. तराजूत त्यांचे वजन मिळून पावभरही भरत नाही, त्यामुळे व्यापाऱ्यांचेही काही नुकसान होत नाही.